फवारणीच्या ड्रोनची मोटर हवेत बंद पडली किंवा बॅटरी पेटली, तर आधी काय करायचं आणि नंतर काय

शिरूर, दौंड, इंदापूर, जुन्नर, कुठेही जा, उसावर नाहीतर कांद्यावर ड्रोन फिरताना दिसतोच, आणि दर हंगामात कुणाचा तरी ड्रोन पडल्याचा किंवा बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोच. ते व्हिडिओ नीट बघितले तर एक गोष्ट लक्षात येते, लोक जे करतात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं पण क्रम उलटा असतो. म्हणजे पाणी मारतात पण हेल्पर अजून धुरात उभा असतो, बॅटरी काढायला धावतात पण मोटर अजून चालूच असते. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिलाय, आदल्या संध्याकाळपासून.

मी धरून चाललोय तो आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा ड्रोन, १० लिटरची टाकी, सहा मोटर, सुटे लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे पॅक, भरल्यावर २५ किलोच्या आसपास. तुमचा स्मार्ट बॅटरीवाला असेल तर आकडे कंपनीच्या मॅन्युअलचे धरा, क्रम तोच राहतो.

## १. आदल्या संध्याकाळी: पॅक हातात घेऊन बघा

आग लागते शेतात पण तिची तयारी घरीच झालेली असते. प्रत्येक पॅक उजेडात धरा आणि चारी बाजूंनी अंगठा फिरवा. पॅक कडक, सपाट लागला पाहिजे. कुठे मऊ, उशीसारखा दबत असेल तर तो फुगलाय, आत गॅस झालाय, तो बाजूला. "थोडाच फुगलाय, अजून चार-पाच फ्लाइट निघतील" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त तो पॅक माझ्या गाडीत ठेवून घेत नाही.

मग सेल बघा. लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, नॉमिनल ३.७. सहा सेलचा पॅक म्हणजे भरलेला २५.२, आणि असे दोन सिरीजमध्ये लावले की ५०.४. पण एकूण व्होल्टेज बघून काही कळत नाही, चेकर लावून सेलवार बघायचं. चार्ज पूर्ण झाल्यावर सेलांमध्ये ०.०५ च्या आत फरक असेल तर ठीक. ०.१ च्या वर गेला तर तो पॅक उडवायचा नाही, कारण जो सेल मागे पडलाय तो लोडवर सगळ्यात आधी खाली जाणार, बाकीचे त्याच्यातून करंट ओढत राहणार आणि तोच आधी गरम होऊन फुगणार.

कनेक्टर पण बघा. पिन काळी पडलीय का, प्लास्टिक वितळून वाकडं झालंय का, वायर जिथे सोल्डर केलीय तिथे हलतेय का. सैल कनेक्टर उड्डाणात तापतो आणि हवेत सप्लाय तुटला तर एक मोटर नाही, सगळ्या सहा एकदम बंद.

सावध: दुसऱ्या दिवशी काम नक्की नसेल तर पॅक फुल करून ठेवू नका. पाऊस आला, काम पुढे गेलं, पॅक आठवडाभर ४.२ वर पडून राहिले, की फुगायला सुरुवात झालीच म्हणून समजा. ठेवायचे ते सेलला ३.८ च्या आसपास, म्हणजे सहा सेलच्या पॅकला साधारण २३ व्होल्ट. चार्जरमध्ये स्टोरेज मोड असतो तो याचसाठी.

## २. चार्जिंग: जागा आधी, चार्जर नंतर

एका १२ सेलच्या २२,००० एमएएचच्या जोडीत जवळजवळ एक युनिट वीज असते, लाइट बिलावर असतं तेच युनिट. म्हणजे खोलीत सहा जोड्या भरून ठेवल्या तर सहा युनिट एनर्जी आहे जी बिघडली तर काही मिनिटांत बाहेर येऊ शकते. त्यामुळे पलंगाखाली, जिन्याखाली, देवघराच्या भिंतीला लागून, दाराजवळ (बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो) चार्जिंग नाही. ओसरी, पत्र्याचं मोकळं शेड, खाली फरशी किंवा कोबा, वर काही लटकत नाही, अशी जागा.

आणि आता ते शेड. आपल्याकडे शेडमध्ये काय नसतं! द्राक्षवाल्यांच्या शेडमध्ये गंधकाच्या पिशव्या असतात, शेजारी ड्रिपमधून सोडायचं १३:००:४५. हे १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते आगीला स्वतःहून ऑक्सिजन पुरवतं, कॅल्शियम नायट्रेटचं पण तेच. गंधक आणि पोटॅशियम नायट्रेट ही दोन्ही फटाक्याच्या दारूतली मंडळी आहेत, त्यांच्यामध्ये तुम्ही चार्जर मांडून ठेवणार? शिवाय ईसी प्रकारची जी कीटकनाशकं असतात, पाण्यात टाकली की दुधासारखी पांढरी होतात ती, त्यात पेट्रोलियमपासून केलेलं सॉल्व्हंट असतं, ते पेटतं. तेव्हा औषधाची खोली वेगळी, चार्जिंगची वेगळी, मध्ये भिंत. भिंत नसेल तर चार्जिंग अंगणात.

क्रम असा:

- पॅक उड्डाण करून आला असेल तर आधी गार होऊ द्या. हाताला कोमट लागत असला तरी थांबा, सावलीत अर्धा तास. गरम पॅक थेट चार्जरला लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, कारण कामाची घाई असते आणि पॅक दोन-तीनच असतात. त्यावर उपाय एकच, जास्तीचा सेट घ्या, किंवा दिवसाचे एकर कमी धरा.
- चार्जरवर प्रकार लिपो आणि सेलची संख्या स्वतः वाचून बघा.
- आधी मेन वायर मग बॅलन्स वायर (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींचा जुडगा). बॅलन्स वायर न लावता "फास्ट" चार्जिंग नाही.
- करंट १ सी, म्हणजे २२,००० च्या पॅकला २२ अ‍ॅम्पियर, १६,००० ला १६. वाढवायची सोय चार्जरमध्ये असली म्हणून वाढवायची नसते.
- माणूस तिथेच. झोपायच्या आधी लावून सकाळी काढायचं, हे नाही.

शेतावर जनरेटरवर चार्ज करत असाल तर जनरेटर आणि पॅक यात आठ-दहा पावलं अंतर ठेवा, आणि चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नका. बंद करा, गार होऊ द्या, मग ओता. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरपेटीतून वायर ओढून चार्जर लावणारे पण बघितलेत, तिथे व्होल्टेज इतकं वरखाली होतं की चार्जर जाईल, चार्जर जाताना पॅक घेऊन जाईल.

तपासा: चार्जिंगच्या जागेपासून चार पावलांत पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या, आणि मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या अजून एकाला माहिती.

## ३. गाडीत काय कुठे

हे थोडक्यात सांगतो. पॅक केबिनमध्ये नाही, मागे हौद्यात, प्रत्येक पॅक वेगळा, कनेक्टरला टोपी, पत्र्याच्या पेटीत असेल तर झाकण हवाबंद नको. औषधाचे कॅन आणि पेट्रोल दुसऱ्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊन चाळिशी पार करतं, बंद गाडीत त्याहून खूप वर जातं, तेव्हा गाडी उन्हात लावून पॅक आत ठेवून जेवायला जायचं नाही. बांधावर पण उन्हात मांडू नका, छत्री किंवा झाडाची सावली बघा.

## ४. शेतावर पोचल्यावर, ड्रोन उतरवायच्या आधी

आधी नुसतं चालून या. विजेच्या तारा, डीपी, ताण दिलेल्या तारा (या दिसत नाहीत, खांबापासून जमिनीपर्यंत तिरक्या येतात), उंच नारळ-सुबाभूळ. वारा कुठून येतोय ते मूठभर माती सोडून बघा. लोहगाव किंवा खडकवासल्याच्या बाजूला काम असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा झोनचा (कुठे उडवता येतं, कुठे नाही याचा) नकाशा घरीच बघून यायचा, तिथे जाऊन नाही.

मग दोन जागा ठरवायच्या. एक टेकऑफची, आणि दुसरी पडायची. हो, पडायची. मोटर गेली तर ड्रोन कुठे खाली घेणार हे आधी ठरलेलं पाहिजे: नांगरलेलं रान, पाणी दिलेलं शेत, मोकळा रस्ता नव्हे. तोडणी झालेल्या उसाचं पाचट पसरलेलं असेल तर ती जागा बाद. वाळलेलं पाचट आणि तापलेला पॅक एकत्र आले तर तुमचा ड्रोन राहतो बाजूला, शेजाऱ्याचा उभा ऊस जातो, आणि मग पुढची तीन वर्षं त्या गावात तुम्हाला कुणी चहा पण विचारणार नाही.

टेकऑफच्या जागी सुकं गवत असेल तर पाच-सहा पावलं गोल साफ करा किंवा ओलं करा.

आणि सोबत काय:

- २०० लिटरचा बॅरल साध्या पाण्याचा. फवारणीला पाणी लागतंच, पण त्यातला अर्धा शेवटपर्यंत राखीव, यावर शेतकऱ्याशी आधीच बोलून घ्या.
- एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि लांब पाइप जवळ असेल तर उत्तम, लांबून पाणी मारता येतं. मात्र टाकीत औषध नको.
- ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलेंडर. हा गवतासाठी, जनरेटरसाठी, गाडीसाठी. बॅटरीसाठी का नाही ते पुढे येतं.
- घमेलं, वाळू, लांब दांड्याचा फावडा, जाड हातमोजे, गॉगल.

कोण काय करणार ते पण इथेच ठरवा. पायलट फक्त ड्रोन. हेल्पर फक्त माणसं लांब करणार आणि पाणी. तिसरा, बहुतेक शेतमालक, फोन: १०१ किंवा ११२, आणि जवळच्या साखर कारखान्याकडे बंब असतो, त्याचा नंबर आधी घेऊन ठेवा, तालुक्याच्या गावाहून गाडी येण्याआधी तो पोचू शकतो.

सावध: ड्रोन बघायला पोरं जमतातच. २० मीटरच्या आत कुणी असेल तर टेकऑफ नाही. लोक रागावतात, रागावू देत.

## ५. मोटर, आर्म, पंखा: बॅटरी न लावता

इथे घाई करू नका, मोटर हवेत "अचानक" जाते असं वाटतं पण बहुतेक वेळा आधी सांगून जाते.

बॅटरी लावलेली नसताना प्रत्येक मोटर बोटाने हळू फिरवा, कान जवळ न्या. चांगली मोटर चुंबकाचे हलके टप्पे घेत गुळगुळीत फिरते आणि सगळ्या सहाचे टप्पे सारखे लागतात. एखादीत करकर, वाळू घासल्यासारखं लागलं तर बेअरिंगमध्ये धूळ किंवा गंज. मोटरची टोपी धरून वर ओढा, डावीउजवी हलवा, खेळ जाणवला तर ती मोटर बदला. वास घ्या. जळक्या वार्निशचा वास येत असेल तर आतलं कॉइल तापून गेलंय, आज चालेल पण भरल्या टाकीला दगा देईल.

मोटरला तीन वायर असतात, त्यातली एक जरी सैल झाली तरी मोटर थरथरते पण फिरत नाही. आर्मच्या टोकाशी त्या वायर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बघा. द्राक्षात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारणाऱ्यांनी तर रोज बघा, मोरचूद धातूला खातं, हिरवट पापुद्रा दिसला की समजायचं. रोज काम झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, गाडी धुतो तसा प्रेशर वॉशर मारायचा नाही, पाणी थेट ईएससीत जातं.

आर्मचं लॉक: घडीचे आर्म उघडल्यावर कॉलर पूर्ण फिरवून घट्ट, आणि मग आर्म धरून वरखाली आणि पिळून बघा. आर्म जरासा जरी पिळला गेला असेल तर त्या मोटरचा जोर तिरका लागतो, बाकीच्यांना ती भरपाई करावी लागते आणि त्या तापतात. पंख्याचे बोल्ट, वॉशर, पात्याच्या कडेला टवका. पातं हाताने ढकललं की फिरावं, सोडलं की आहे तिथे राहावं, एवढा घट्टपणा.

तपासा: सहाच्या सहा झाल्या का? पाच बघून सहावी "ठीकच असेल" असं होतं, म्हणून नेहमी एकाच मोटरपासून सुरुवात करा आणि घड्याळाच्या दिशेने जा.

## ६. बॅटरी जोडणी आणि पाण्याची चाचणी

रिमोट आधी चालू, थ्रॉटल खाली, मग बॅटरी. कनेक्टर सुटे काळे-लाल असतील तर काळा आधी, लाल नंतर. काढताना उलट, लाल आधी. पहिल्या जोडणीला रोज ठिणगी येत असेल तर अँटीस्पार्क कनेक्टर बसवा, ठिणगीने पिना खराब होतात. पॅकला पट्टा घट्ट बसला पाहिजे, पॅक हललेला चालत नाही.

मग अर्धी टाकी साधं पाणी भरा. औषध नाही, पूर्ण टाकी पण नाही. दोन मीटरवर एक मिनिट हॉवर, म्हणजे एका जागी तरंगत ठेवा. हात स्टिकवरून सोडा आणि ऐका. ड्रोन स्वतःहून फिरतोय का, एका बाजूला झुकून उभा आहे का, आवाजात एखादा सूर वेगळा आहे का. अ‍ॅपमध्ये मोटरवार आउटपुट दिसत असेल तर एखादी सारखी वरच चाललीय का. उतरवा, डिसआर्म करा (म्हणजे मोटर फिरूच शकणार नाहीत असं लॉक), बॅटरी काढा, आणि मग हाताची मागची बाजू प्रत्येक मोटरला लावून बघा. सगळ्या सारख्या कोमट असतील तर पुढे चला. एक जास्त गरम असेल तर काम थांबवा. एवढ्या एका मिनिटात निम्म्याहून जास्त भानगडी जमिनीवरच सापडतात असं माझं मत आहे, आणि हेच एक मिनिट सगळे वाचवतात.

पाण्याची चाचणी अर्ध्या टाकीने का, तेही सांगतो. माणूस बसून उडवतो त्या फवारणीच्या विमानात, एअर ट्रॅक्टरसारख्या, इंजिन गेलं तर हॉपरमधलं सगळं औषध एका दमात खाली सोडायची सोय असते, वजन उतरतं आणि पायलटला उतरायला थोडा वेळ मिळतो. आपल्या ड्रोनला ती सोय नाही. पंप चालू ठेवला तरी मिनिटाला दोन-तीन लिटर जाणार, आणि तुमच्याकडे असतात चार-पाच सेकंद. म्हणजे वजनाचा निर्णय जमिनीवरच. मोटर किंवा आर्म नुकतं दुरुस्त केलंय, ऊन जास्त आहे, पॅक जुने आहेत, तर ७ लिटर भरा. एकराला एक फेरी वाढेल, वाढू दे.

सेटिंग बघा: बॅटरी कमी झाल्यावर काय करायचं, रिटर्न टू होम (निघाल्या जागी आपोआप परत) की लँड (आहे तिथेच खाली)? रिटर्नची उंची किती? उसाच्या शेतात उंची कमी ठेवली तर परत येताना ड्रोन उसात घुसतो आणि जास्त ठेवली तर तारेत. प्रत्येक शेतावर नव्याने बघायचं हे. आणि पॅक २५-३० टक्के उरला की उतरवा, "एवढी एक ओळ" नको.

## ७. हवेत मोटर गेली

खूण अशी: आवाज एकदम किंचाळल्यासारखा होतो, ड्रोन एका कोपऱ्यात झुकतो किंवा स्वतःभोवती फिरायला लागतो. चार मोटरचा असेल तर तो पडणारच. सहाचा असेल तर हलका असताना सावरू शकतो, पण टाकी भरलेली असेल तर बाकीच्या मोटर आधीच जोरात चाललेल्या असतात, त्यांच्याकडे देण्यासारखं फार उरलेलं नसतं.

1. ओरडा. एकच ठरलेला शब्द, आमच्याकडे "लांब!" आहे. हेल्परने हे ऐकलं की वर न बघता माणसं मागे न्यायची.
2. ऑटो मिशन चालू असेल तर पॉज करा, पुढे जाणं थांबलं पाहिजे.
3. रिटर्न टू होम दाबू नका. बोट तिकडेच जातं, सवय असते. पण रिटर्नमध्ये ड्रोन बहुतेक वेळा आधी वर चढतो आणि मग तुमच्या डोक्याच्या दिशेने येतो. आधीच दमलेल्या मोटरना चढायला लावायचं आणि तो पंचवीस किलोचा डोलारा माणसांकडे बोलवायचा, दोन्ही चूक.
4. फिरण्याशी झटू नका, फिरू द्या. थ्रॉटल सावकाश कमी करून आहे तिथे खाली घ्या. ठरवलेली जागा जवळ असेल आणि ड्रोन ऐकत असेल तरच तिकडे वळवा. खाली पीक आहे म्हणून पुढे ढकलू नका, पिकाचे पैसे भरून देता येतात.
5. मोटर किल फक्त दोन वेळेला: ड्रोन अजिबात ऐकत नाही आणि माणसांच्या किंवा रस्त्याच्या दिशेने चाललाय पण अजून मोकळ्या रानावर आहे, किंवा जमिनीला टेकलाय. हवेत किल केलं की दगडासारखा खाली येतो, तेव्हा खाली काय आहे ते बघून.
6. टेकला की लगेच थ्रॉटल शून्य आणि डिसआर्म. हे विसरतात! ड्रोन उलटा पडलेला असतो, पंखा मातीत रुतलेला, आणि मोटरला अजून फिरायचा हुकूम चालू असतो. अडकलेली मोटर जबरदस्त करंट ओढते, ईएससी जळते, आणि पडण्यात न लागलेली आग पडल्यानंतर लागते.

सावध: ड्रोन तारेवर अडकला तर हात, बांबू, काठी काहीही लावायचं नाही. महावितरणला १९१२ वर फोन, आणि लाइन बंद केल्याचं त्यांच्या माणसाने सांगितल्याशिवाय खाली उभं पण राहायचं नाही.

## ८. पडल्यानंतर: धावू नका

ड्रोन पडला की पायलट आपोआप धावतो. लाखोंची वस्तू आहे, समजू शकतो. पण आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला (वारा जिकडून येतोय तिकडे), १५-२० मीटरवर उभं राहा आणि बघा. रिमोट बंद करू नका, डिसआर्म झाल्याचं स्क्रीनवर दिसू दे. पांढरा धूर, फुसफुस आवाज, गोडसर थिनरसारखा वास, पॅक फुगताना दिसणं, यातलं एक जरी असेल तर थेट पुढचा टप्पा.

काहीच नसेल तरी किमान १५ मिनिटं थांबा. आत सेल चेपला असेल तर तो हळूहळू शॉर्ट होतो, लगेच कळत नाही. मग एकाच माणसाने, पूर्ण बाही, हातमोजे, गॉगल घालून, मागून जायचं आणि लाल कनेक्टर आधी काढायचा. पॅक काढून तळाला वाळू घातलेल्या घमेल्यात ठेवा, आणि घमेलं गाडीपासून, गवतापासून लांब, मोकळ्या मातीवर. मार बसलेला पॅक त्या दिवशी गाडीत घालून घरी न्यायचा नाही, तास-दोन तासांनी पण पेटतो, आणि तेव्हा तुम्ही चाकणच्या ट्रॅफिकमध्ये असता.

ड्रोन उसात पडला असेल तर संध्याकाळी एकट्याने आत शिरू नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उसात बिबट्या असतो हे तिकडच्या लोकांना सांगायला नको, पण पुण्याहून गेलेल्या पायलटला सांगावं लागतं. तीन-चार जण, टॉर्चचा उजेड, आवाज करत.

## ९. बॅटरी पेटली

एक गैरसमज आधी काढतो. "लिथियमवर पाणी टाकलं की स्फोट होतो" हे शुद्ध लिथियम धातूबद्दल आहे. आपल्या पॅकमध्ये लिथियम त्या रूपात भरलेलं नसतं. पेटलेल्या पॅकला गार करायला पाणीच लागतं आणि भरपूर लागतं. पावडरच्या सिलेंडरने ज्वाळा दबते, लोक टाळ्या वाजवतात, पण आतली उष्णता तशीच असते आणि दोन मिनिटांनी पॅक परत पेटतो. वाळूने ठिणग्या पसरायच्या थांबतात, गार होत नाही.

1. माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, टाकीत औषध असेल तर त्याचा धूर वेगळाच. रुमाल बांधून काही होत नाही.
2. फोन. आग विझेल असं वाटत असलं तरी फोन आधी.
3. ड्रोन गेला असं समजा. पॅक ओढून काढायला कुणी हात घालायचा नाही. एक सेल पेटला की त्याच्या उष्णतेने शेजारचा पेटतो, फुटतो, बाहेर उडतो.
4. आधी भोवतीचं वाचवा. सुकं गवत, पाचट ओलं करा, हेल्पर ओल्या डहाळ्याने कडेची आग झोडपेल, सिलेंडर इथे वापरा. पाणी कमी असेल तर सगळं इथेच, ड्रोन जळू द्या.
5. पाणी पुरेसं असेल तर लांबून, सतत, पॅकवर. एक बादली ओतून थांबायचं नाही. ज्वाळा गेल्यावरही निदान अर्धा तास चालू ठेवा.
6. थांबा आणि राखण करा. पुढचे काही तास कुणीतरी तिथे बसलेलं पाहिजे.

चार्जिंग करताना पेटली तर पाण्याच्या आधी मेन बंद, जनरेटर असेल तर तो बंद आणि पेट्रोलचा कॅन लांब. मेनपर्यंत धुरातून जावं लागत असेल तर जाऊ नका, बाहेर पडा, दार ओढून घ्या. गाडीत पेटली तर गाडी बाजूला, सगळे खाली, सामान नाही.

भाजलं तर वाहतं साधं पाणी २० मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही नाही. धूर छातीत गेला असेल, खोकला-जळजळ असेल तर १०८, आणि औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत न्या, डॉक्टर ते पहिलं विचारतात.

सावध: फवारणीच्या टाकीतलं मिश्रण आगीवर मारायचं नाही. घाईत जवळ तेच असतं, पण औषधाची वाफ तुमच्याच अंगावर येते.

## १०. त्यानंतर

काही हलवायच्या आधी फोटो काढा: ड्रोन, पॅक, कनेक्टर, पीक, आजूबाजूचा परिसर. अ‍ॅपमधला फ्लाइट लॉग त्याच दिवशी काढून ठेवा, कुठल्या मोटरचं आउटपुट आधी वर गेलं ते तिथे दिसतं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघात झाला तर रिमोट पायलटने ४८ तासांत डिजिटल स्कायवर कळवायचं असतं. थर्ड पार्टी विमा या वजनाच्या ड्रोनला लागतोच, शेजाऱ्याचं नुकसान झालं असेल तर विमा कंपनीला पण लगेच कळवा, आधी तोंडी पैसे कबूल करून बसू नका.

पडलेल्या ड्रोनचा फक्त तुटलेला आर्म बदलून उडवू नका. सहाच्या सहा मोटर परत पाचव्या टप्प्यातून, मग पाण्याची चाचणी. आणि त्या दिवशी त्यात लावलेले दोन्ही पॅक बाद, एक दिसायला चांगला असला तरी.

बाद पॅक भंगारवाल्याला देऊ नका, तो हातोड्याने फोडतो. न पेटलेला पण मार लागलेला पॅक मोकळ्या जागी, प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, झाकण लावू नका, कारण त्यातून गॅस निघतो, आणि पोरं-जनावरं तिकडे जाणार नाहीत असं बघा. नुसता जुना, फुगलेला पॅक असेल तर मोकळ्यावर, समोर बसून चार्जरच्या डिस्चार्जवर अगदी कमी करंटने खाली आणा, कनेक्टरला टेप लावा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे मागे लागा, नाहीतर अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्या आणि पावती घ्या, विम्याच्या फाइलला ती लागते.